कोकणकड्याला एक, भंडारदऱ्याला दुसरा

मावळतीचा फोटो बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने. आभाळ आणि जमीन यांच्या उजेडातला फरक कॅमेऱ्याला एका वेळी पेलत नाही. आभाळ सांभाळावं तर डोंगर काळे पडतात, डोंगर उजळावेत तर आभाळ पांढरंफटक होतं. ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर हा फरक फोटो काढतानाच कमी करतो. त्याचा वरचा भाग राखाडी असतो, खालचा स्वच्छ. ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.६ म्हणजे दोन, ०.९ म्हणजे तीन; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो.

किती गडद घ्यायचा हे मोजून ठरवा. स्पॉट मीटरिंग लावून, सूर्यबिंब टाळून आभाळ मोजा, मग जमीन. फरक चार स्टॉपचा आला तर फिल्टर तीनचा लावा. संध्याकाळी जमीन आभाळापेक्षा काळोखीच असते, फोटोतही ती तशीच दिसली पाहिजे.

राखाडी छटा स्वच्छ भागात कशी मिसळते, एकदम (हार्ड) की हळूहळू (सॉफ्ट), ही निवड त्याहून महत्त्वाची. ती क्षितिजाच्या आकारावरून करायची, आणि अकोले तालुक्यात हा आकार जागोजागी बदलतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पश्चिम मोकळी. खाली कोकण, लांबवर धुरकट, जवळपास सपाट क्षितिज, आणि सूर्य त्याच्यावर टेकलेला. सर्वांत प्रखर उजेड चौकटीच्या मध्यावर. इथे रिव्हर्स फिल्टर हवा: मधल्या रेषेवर सर्वांत गडद, वर विरळ होत जाणारा. हार्डही चालतो, पण कड्याची एखादी बाजू क्षितिजाच्या वर डोकावत असेल तर तीही काळी पडते.

भंडारदऱ्याला सरळ क्षितिज मिळतच नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेलं प्रवरेचं पाणी, आणि पलीकडे रतनगडाची उंचसखल रांग. हार्ड फिल्टर लावला तर माथ्यांवरून आडवी काळी पट्टी जाते. तिथे सॉफ्टच. शिवाय पाण्यातलं प्रतिबिंब आभाळापेक्षा साधारण एखाद्-दुसऱ्या स्टॉपने मंद असतं. फिल्टर त्याहून गडद झाला की पाणी आभाळापेक्षा उजळ दिसतं आणि फोटो खोटा वाटतो. म्हणून पाण्याकाठी ०.६ पुरे.

स्क्रूचा गोल फिल्टर घेऊ नका. त्याची रेषा कायम मध्यावर अडकलेली. होल्डर आणि १०० बाय १५० मिलिमीटरची चौकोनी काच घ्या. मागच्या स्क्रीनवर बघत, अ‍ॅपर्चर लहान ठेवून ती सावकाश खाली सरकवा. आभाळ कुठवर झाकलं जातंय ते स्पष्ट दिसतं. टेलिफोटोवर तीच छटा पसरट होते, तिथे सॉफ्टचा परिणाम जेमतेम जाणवतो आणि हार्ड कामाला येतो. एकच घ्यायचा तर मी ०.९ सॉफ्ट घेईन: त्याची पूर्ण ताकद वरच्या कडेकडेच असते, त्यामुळे किंचित वर सरकवून तो पाण्यावरही निभतो.

सूर्य बुडाला की पुन्हा मोजा. रिव्हर्स तेव्हा काढून सॉफ्ट लावायचा. क्षितिजावरची झळाळी ओसरली की मधला गडद पट्टा फोटोत उघडा पडतो.