संगणकावर टीव्ही दिसेना? चला, चोर पकडू!

दोस्तांनो, ब्रिटनमध्ये अँटेनाची तार यूएसबी ट्यूनरला जोडली की संगणकावर टीव्ही दिसतो. पण कधी कधी सगळं शोधूनही एकसुद्धा वाहिनी सापडत नाही! मग काय, ट्यूनर बिघडला? थांबा, घाई नको.

लंडनचंच बघा. क्रिस्टल पॅलेसच्या २१९ मीटर उंच मनोऱ्यावरून बीबीसी वन ४९० मेगाहर्ट्झवर येते. तिथला प्रत्येक पट्टा ८ मेगाहर्ट्झ रुंद. संगणकात चुकून 'ऑस्ट्रेलिया' निवडलं, तर तो ७ मेगाहर्ट्झचे पट्टे धुंडाळत बसतो. मग वाहिनी सापडणार कशी? वारंवारतांची यादीही ताजी हवी. २०२० पर्यंत तिथल्या बऱ्याच मनोऱ्यांच्या वारंवारता बदलल्या.

बाकी सगळं दिसतं, फक्त एचडी नाही? ती येते डीव्हीबी-टी२ पद्धतीने. जुन्या डीव्हीबी-टी ट्यूनरला ही भाषाच कळत नाही. इथे मात्र नवा ट्यूनर हवा.

चित्राचे चौकोन पडतात? मग अँटेनाची दिशा आणि तारेचे जोड तपासा. जुन्या टीव्हीवर संदेश क्षीण झाला की मुंग्या यायच्या. डिजिटल चित्र मात्र अडखळतं नि गायबच होतं.

तेव्हा आधी देश, मग यादी, मग अँटेना. बाबांकडे पैसे मागायचे ते सगळ्यात शेवटी!