शंभरपर्यंत पाठ, पण सात चिंचोके?

"आमच्या सोनूला शंभरपर्यंत पाठ आहे हं!" असं कुणी कौतुकानं सांगितलं, की बालवाडीत मी सोनूला म्हणते, "मला सात चिंचोके दे बरं." बहुतेकदा मूठभर मिळतात! एका चिंचोक्याला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे हातानं सरकवल्याशिवाय उमगत नाही. मोजून झालं की विचारा, "मग किती झाले?" पोर पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर रागावू नका. आणखी खेळू द्या.

खरी गंमत एकोणतीसला. कानावर 'तीस' पडतं, लिहायचे मात्र २ आणि ९. इथे खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या दोन जुड्या, नऊ सुट्या. आणखी एक आली की तिसरी जुडी बांधायची. म्हणजे एकोणतीस, तिसाला एक कमी! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला विचाराल तर दोन्ही शिकवा, पण जुडी हातात देऊन.

आणि हो, नाकात बिया घालणारं लहानगं घरात असेल, तर चिंचोके नकोत. वाट्या-चमचे मोजा.