डेकचा स्क्रू: ३०४ की ३१६?
समुद्राकाठच्या घराला लाकडी डेक करताना सगळे फळीचा भाव विचारतात, स्क्रूचा कोणी नाही. झिंक चढवलेला पिवळा स्क्रू खाऱ्या हवेत फार टिकत नाही. मुंडीभोवती गंज ओघळतो आणि लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागलं की फळीवर काळा डाग पडतो. घाटावर ३०४ स्टेनलेस पुरतं. किनाऱ्यावर मात्र ३१६च घ्या. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. महाग पडतं, पडू द्या. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, दुकानदार काहीही म्हणो. २५ मिमी फळीला साधारण ६५ मिमी लांबी हवी. स्टेनलेस तसं मऊ, म्हणून आधी ड्रिलने भोक पाडा. नाहीतर टणक सागवानात पीळ बसून मुंडी तुटते आणि उरलेला स्क्रू आतच राहतो.