मोटारीची निगा : छंद आणि व्यवसाय

मुंबई-पुण्याच्या वसाहतींतून सकाळीं एक दृश्य हमखास दिसतें. हातांत एक बादली व एक फडकें घेतलेला माणूस ओळीनें उभ्या असलेल्या मोटारी पुसत जातो. पांचवी मोटार येईपर्यंत बादलींतील पाणी मातकट होतें. फडकें मात्र तेंच राहतें. मालकास मोटार स्वच्छ दिसते व तो समाधानानें कचेरीला निघून जातो. वर्षभरानें तीच मोटार भर उन्हांत उभी करून पाहावी. सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटलेल्या दिसतील. धुळींत वाळूचे सूक्ष्म कण असतात. ओल्या फडक्याखालीं ते रोज रंगावर घासले जातात. 'डिटेलिंग' या नांवानें आज ओळखली जाणारी कला बव्हंशीं हें नुकसान टाळण्याची, व झालेलें असल्यास बेतानें निस्तरण्याची कला आहे.

मोटारीचा रंग हा एकच पापुद्रा नव्हे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, अशी रचना कारखान्यांत होते. आरंभीं असें नव्हतें. पहिल्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणें हातानें व्हार्निश देत, आणि तें वाळण्यांत कित्येक आठवडे जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ड्युको नांवाचें लॅकर आलें, आणि आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. पारदर्शक लेप सार्वत्रिक झाला तो १९८० नंतर. झळाळी याच लेपाची, आणि उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षणही तोच करतो. त्याची जाडी मात्र सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग! मनुष्याचा केस बहुधा याहून जाड भरतो.

येथेंच या छंदाचें मर्म आहे. पॉलिश केल्यानें रेघ भरून येत नाहीं. रेघेच्या तळापर्यंत भोंवतालचा लेप झिजविला जातो, म्हणून ती दिसेनाशी होते. एका वेळच्या हलक्या पॉलिशनें एक-दोन मायक्रॉन जातात, दाट रेषांसाठीं अधिक. वहींतील एकच ओळ रबरानें पुनः पुनः खोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदाचें जें होतें, तेंच दर दिवाळीला पॉलिश होणाऱ्या मोटारीचें होतें. गेलेला लेप परत येत नाहीं. पुढें तो पांढुरका पडून सालींसारखा निघूं लागतो.

म्हणून नवशिक्यानें यंत्र विकत घेण्यापूर्वीं धुणें शिकावें. दोन बादल्या घ्याव्या : एकींत मोटारीसाठींच केलेला सौम्य शाम्पू, दुसरींत साधें पाणी. भांडीं घासण्याचा साबण वापरूं नये. तो धुळीबरोबर मेणही काढून नेतो. प्रथम पाण्याच्या धारेनें सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. नंतर मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूंत बुडवून टपापासून खालीं उतरत यावें, आणि प्रत्येक भाग झाला कीं मोजा साध्या पाण्यांत खळबळून घ्यावा. चाकें सर्वांत मळकट; त्यांचें फडकें व बादली निराळीं. हें सर्व सावलींत करावें. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हांत वाळले तर क्षारांचे पांढरे डाग उरतात, आणि ते काढणें धुण्याहून कष्टाचें.

धुऊनही हाताला खरखर लागली तर क्लेचा मऊ गोळा भरपूर ओलाव्यावर फिरवून रुतलेले कण उचलावे. पॉलिश लागलेंच तर दुहेरी गतीचें यंत्र नवशिक्याला बरें. केवळ गोल फिरणारें यंत्र एकाच जागीं रेंगाळलें तर रंग तापवून जाळतें. कडा व घड्या यांवर लेप पातळ असतो. तेथें कागदी पट्टी चिकटवून ठेवावी. शेवटीं मेण. कार्नोबा हें मेण ब्राझीलमधील एका ताडजातीच्या वृक्षाच्या पानांवरून मिळतें.

आपली व आप्तांची मोटार नीट जमूं लागली कीं धंद्याचा विचार मनांत येतो. त्यांत भांडवलापेक्षां जबाबदारी मोठी, कारण वस्तु दुसऱ्याची असते. जाडी मोजण्याचें छोटें यंत्र प्रथम घ्यावें. तें सर्व थरांची मिळून जाडी सांगतें, एकट्या पारदर्शक लेपाची नव्हे. तरीही एखाद्या दारावर आंकडा अवाच्या सव्वा आला तर खालीं लांबी भरली असावी असा संशय घेतां येतो, आणि फार कमी आला तर तेथें पूर्वीं घासून झालेलें असतें. अशा ठिकाणीं धुऊन मेण लावून द्यावें. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, पॉलिशचें काम घेऊं नये. सिरॅमिक लेप विकणारे कांहीं जण 'ओरखडा पडणारच नाहीं' असें सांगतात, तें धादांत खोटें आहे. त्या लेपानें पाणी ओघळून जातें व धुणें सोपें होतें; सायकलीचें हँडल लागलें तर ओरखडा हा पडणारच.

कागदोपत्रांचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, आणि थोडे कामगार असलेल्या दुकानास महाराष्ट्रांत २०१७ च्या कायद्यान्वयें केवळ सूचना द्यावी लागते. वसाहतीच्या आवारांत काम करावयाचें तर सोसायटीची लेखी परवानगी व सांडपाण्याची सोय आधीं पाहावी. बहुतेक भांडणें पाण्यावरूनच होतात. पावसाळ्यांत उघड्यावरचें काम थांबतें खरें, पण त्याच दिवसांत बंद मोटारींच्या गाद्यांवर व पट्ट्यांवर बुरशी धरते, गालिच्यांना कुबट वास येतो. आंतील सफाईचीं बोलावणीं श्रावण-भाद्रपदांत येतात, तीं याच कारणानें.