वरच्या दाढेची भीती

वरची दाढ काढली की डोळा जातो, ही समजूत आपल्याकडे आजही ऐकू येते. दंतवैद्य ती हसण्यावारी नेतात. पण तिला ग्रंथाधार आहे, आणि तो थेट सुश्रुताचा.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखाचे ६५ रोग मोजले आहेत. त्यांतले १५ दंतमुळांचे, म्हणजे बहुतांशी हिरड्यांचे. ‘दंतवेष्ट’ झाला की हिरडीतून पू-रक्त येते, दात हलू लागतात. या पंधरांत पाच ‘नाड्या’ आहेत. ही नाडी मनगटावरची नव्हे. पू वाहून नेणारी नळी. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, तोंड खारट होते, ठणका थांबतो. माणूस खूश होतो. काही दिवसांनी पुटकुळी पुन्हा हजर! चिकित्सास्थानाच्या २२व्या अध्यायात उपाय आहे : ज्या दाताची नाडी, तो दात काढावा, उपेक्षा केल्यास ती जबड्याचे हाड भेदते. मात्र दात वरचा असेल तर काढू नये. अतिरक्तस्रावाने माणूस एका डोळ्याने आंधळा होतो, तोंड वाकडे होते.

निरीक्षण एवढे अचूक, मग हा अपवाद का?

हिरडीचे गळू दोन वाटांनी होते. दात आणि हिरडी यांच्या फटीत कीटण साचते, फटीचे तोंड मिटते, आत पू कोंडतो. इथे दात बहुधा जिवंत असतो. दुसऱ्या वाटेत कीड दाताच्या गाभ्यापर्यंत जाते, गाभा मरतो आणि मुळाच्या टोकाशी पू होतो. मेलेल्या गाभ्यात रक्त फिरत नाही, म्हणून तिथे गोळीतले औषधही पोचत नाही. पू काढावाच लागतो. पुढे रूट कॅनॉल तरी, नाहीतर दात उपटणे.

कोंडलेला पू हाड पातळ असेल तिकडे वाट काढतो. खालच्या दाढांचा पू जिभेखाली उतरला तर सूज श्वास अडवते. जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. वरच्या दातांचा पू गालात, क्वचित डोळ्याच्या खोबणीत, आणि शिरांवाटे मेंदूच्या तळाशीही पोचतो. म्हणजे डोळ्याला धोका असतो खरा, पण दात ठेवल्याने. माझा तर्क असा की, रोगी वैद्याकडे यायचा तोच पू वर चढल्यावर. दात निघायचा, मागोमाग डोळा जायचा, आणि दोष हाताला लागायचा.

पापणी सुजली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे.