गुलाबी की चंदेरी?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरची रॅम घ्यायला गेलात, तर दुकानदार ती बहुतेक वेळा चकचकीत चंदेरी पिशवीतून काढून दाखवतो. एखादा सुटा भाग मात्र फिक्या गुलाबी पिशवीतून निघतो. रंगाचं काय एवढं, कुठलाही चालेल, असं वाटतं ना? नाही चालत! या दोघींची कामं अगदी वेगळी आहेत, आणि भलेभले मोठे लोकही इथे घोळ घालतात.

मुळात ही पिशवी आतल्या वस्तूला वाचवते कुणापासून? तुमच्यापासून!

थंडीत, अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, बारीक ठिणग्याही दिसतात. ही स्थितिक विद्युत. दोन वस्तू घासल्या गेल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात आणि तिथेच अडकून बसतात. मग तुम्ही दाराच्या कडीला हात लावता आणि बसतो झटका! तो जाणवायला अंगावर साधारण 3000 व्होल्ट असावे लागतात. घाबरू नका. साठलेला प्रभार अगदी थोडा असतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, म्हणून आपल्याला काही होत नाही.

चिपचं तसं नाही. काही नाजूक चिपा 100 व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही, पण चिप गेली. चिपमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये वीज अडवणारा एक थर असतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. (आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो!) ठिणगी या थराला भोक पाडते. कधी कधी तर चिप नुसती दुखावते, दुकानात छान चालते आणि घरी आणल्यावर काही दिवसांनी मान टाकते. मला विचाराल तर हा प्रकार जास्त वाईट, कारण चूक कुणाची ते कळतच नाही.

आता गुलाबी पिशवी. तिच्या प्लॅस्टिकमध्ये एक रसायन मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेतलं बाष्प धरून ठेवतं. त्या ओलसर थरातून प्रभार पसरून निघून जातो. त्यामुळे ही पिशवी घासली गेली तरी स्वतः फारशी वीज साठवत नाही. पण बाहेरून ठिणगी पडली, तर ती अडवणं तिला जमत नाही. खोक्यात, चिपा बसवलेल्या बोर्डाशेजारी ठेवायचे स्क्रू नाहीतर माहितीपत्रक यांच्यासाठी ती उत्तम. नुसता बोर्ड तिच्यात घालून पाठवू नये.

बोर्डासाठी चंदेरीच हवी. तिच्या प्लॅस्टिकच्या थरांमध्ये धातूचा, बहुधा ॲल्युमिनियमचा, इतका पातळ थर असतो की आतलं अंधुक दिसतं. धातूच्या बंद वेष्टनाला बाहेरून वीज लागली तर ती बाहेरूनच पसरते, आत शिरत नाही. लंडनचे शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी 1836 मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी धातूने मढवलेली एक मोठी पेटी बांधली आणि आपली उपकरणं घेऊन स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तरी आत काही म्हणता काही नाही!

तुम्हीही पाहा करून. कागदाचे बारीक कपटे टेबलावर ठेवा. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून जवळ न्या, कपटे टुणकन उडतील. मग त्यांच्यावर स्टीलची, धातूच्या जाळीची चहाची गाळणी पालथी घाला आणि घासलेला कंगवा तिला न टेकवता वरून फिरवा. आता कपटे जागचे हलत नाहीत. हा प्रयोग हिवाळ्यातच करा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, हवा इतकी दमट असते की कंगव्यावर प्रभार टिकतच नाही.

गाळणीसारखंच पिशवीचंही. तोंड उघडं राहिलं किंवा ती फाटली, तर संरक्षण कमी झालंच म्हणून समजा. आणि थर्माकोलच्या गोळ्या नकोतच. त्या घासल्या की किती चिकटतात हे तुम्हाला माहीत आहेच, तीच ती वीज! धक्क्यापासून जपायला बबल रॅप लागला, तर आधी बोर्ड चंदेरी पिशवीत बंद करा, मग वरून बबल रॅप गुंडाळा. दादा किंवा ताई जुना बोर्ड दुरुस्तीला पाठवत असेल, तर पिशवीला भोक नाही ना, एवढं तुम्ही तपासून द्या.