महागडी गाईड टूर : कॅमेऱ्याला परवडते का?

थंडीच्या दिवसांत आग्ऱ्याला ताजमहालच्या पूर्व दरवाजावर सूर्योदयापूर्वीच रांग लागते. रांगेत शाली पांघरलेली कुटुंबे असतात, शाळांच्या सहली असतात, परदेशी पाहुणे असतात आणि गळ्यात जड कॅमेरा अडकवलेली काही मंडळीही असतात. दरवाजा उघडला की ही कॅमेरावाली मंडळी जवळजवळ धावतच आत शिरतात. पाण्याच्या पाटासमोरची मोकळी जागा फार तर काही मिनिटेच मोकळी राहणार, हे त्यांना ठाऊक असते.

नेमकी हीच घाई ओळखून हॉटेलांच्या काउंटरवर आणि ट्रॅव्हल एजंटांकडे खास टूर विकल्या जातात. 'रांग चुकवा, गर्दी टाळा, मनासारखे फोटो मिळवा' असे आश्वासन असते आणि किंमत साध्या तिकिटाच्या कितीतरी पट. प्रवासात फोटो काढण्याची मनापासून आवड असलेल्या माणसाने हे पैसे खर्च करावेत का?

टूर विकते तरी काय?

समजा, पुण्याचे एक चौकोनी कुटुंब सुट्टीत आग्ऱ्याला निघाले आहे. बायको-मुलांना ताजमहाल पाहायचा आहे, नवऱ्याला तो टिपायचा आहे. आत गेल्यावर संवाद ठरलेला! "अहो, चला ना आता, मुलांना भूक लागली आहे." "अगं, पाचच मिनिटं थांब, ऊन घुमटावर येऊ दे." ती पाच मिनिटे कधी पाऊण तासाची होतात, हे कोणत्याही फोटोवेड्या माणसाच्या घरी सांगावे लागत नाही.

आता या दोघांमध्ये गाईड आणून उभा करा. त्याला दोन-अडीच तासांत सगळे दाखवून संपवायचे असते. टूर वेळ वाचवते, तर फोटोग्राफरला वेळ घालवायचा असतो. एकाच जागी उभे राहून ढग सरकण्याची, माणूस चौकटीबाहेर जाण्याची वाट पाहणे हेच त्याचे काम. म्हणून टूर चांगली की वाईट हे विचारण्यापेक्षा जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे विचारावे. ते तीनच गोष्टींचे असू शकतात : मोकळी वेळ, जिथे एरवी जाता येत नाही अशी जागा किंवा माहिती. या तिन्हींची किंमत ठिकाणागणिक बदलते.

ताजमहाल : इथे एकांत विकत मिळत नाही

ताजमहाल सूर्योदयापूर्वी अर्धा तास उघडतो, सूर्यास्तापूर्वी अर्धा तास बंद होतो आणि शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. भारतीयांना तिकीट ५० रुपये, मुख्य मकबऱ्याच्या चौथऱ्यावर जायचे तर आणखी २०० रुपये. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. २०१८ पासून एका तिकिटावर तीन तासच आत राहता येते. (दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.)

या नियमांत एक गोष्ट ठळक दिसते. टूर कितीही महाग असली, तरी सर्वसामान्यांच्या आधी आत जाण्याची खास वेळ इथे नाही. तिकीट आधीच ऑनलाइन काढले की खिडकीवरची रांग आपोआप चुकते आणि त्यासाठी एजंट लागत नाही. सुरक्षा तपासणी मात्र सगळ्यांनाच असते. गर्दी टाळायचा मार्ग एकच, तो म्हणजे पहाटे उठणे. आणि तो फुकट आहे!

ट्रायपॉड आत नेता येत नाही, त्याला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. मकबऱ्याच्या आत फोटो काढायला मनाई आहे. एखादा गाईड 'मी बघतो' म्हणाला तरी त्याच्या शब्दावर विसंबू नये.

मग गाईडचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो जाणकार हवा. ताजमहालचा दर्शनी भाग दक्षिणेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून फिरतो, त्यामुळे दर्शनी भागावर दिवसभर ऊन असते. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळचे दाट धुके आडवे येऊ शकते. भर उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि तेव्हा सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते. इमारतीच्या पश्चिमेला मशीद आहे, पूर्वेला तिच्याच जोडीची दुसरी इमारत. सकाळी मशिदीच्या कमानीतून पाहिले तर ताज काळसर, रेखीव आकृतीसारखा दिसतो, तर पूर्वेकडच्या इमारतीपासून पाहिले तर उन्हात न्हालेला. संध्याकाळी हे बरोबर उलटे होते. हे सांगणारा गाईड मिळाला तर त्याची फी वसूल झाली समजा. पण हेच कागदावर लिहून खिशात ठेवले तरी चालते.

चांदण्या रात्रीचा ताज

सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २००४ साली ताजमहाल रात्री पाहण्याची सोय पुन्हा सुरू झाली. पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन अशा पाच रात्री. शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळून. एका वेळी पन्नास माणसे, अर्धा तास, रात्रीत जास्तीत जास्त आठ तुकड्या, म्हणजे चारशे माणसे. दिवसाच्या लोटापुढे हा एकांतच म्हणायचा.

पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाहा. ताज लांबून, प्रवेशद्वाराजवळच्या लाल दगडाच्या ओट्यावरूनच पाहायचा असतो. चांदण्याच्या प्रकाशात फोटो काढायचा तर कॅमेरा कित्येक सेकंद अगदी स्थिर हवा आणि ट्रायपॉडला तर बंदी! डोळ्यांना जे सुख मिळते ते फोटोत उतरेलच असे नाही. ही रात्र कुटुंबासोबत नुसती अनुभवण्याची आहे. फोटोसाठीच म्हणून महागडे 'मूनलाइट पॅकेज' घेणाऱ्याच्या पदरी बहुधा हललेले, दाणेदार फोटोच पडतात.

व्हॅटिकन : एकांत मिळतो, पण कॅमेरा बंद

हल्ली महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे युरोपच्या सहलीला जातात आणि रोमला गेले की व्हॅटिकनची संग्रहालये ठरलेलीच. तिथले चित्र आग्ऱ्याच्या अगदी उलट आहे. सर्वसामान्यांसाठी दारे उघडण्यापूर्वी आत नेणाऱ्या टूर तिथे खरोखरच मिळतात. म्हणजे पैसे मोजून मोकळी वेळ विकत घेता येते.

पण या टूरचे मुख्य आकर्षण असते सिस्टीन चॅपेल. मायकेलअँजेलोने तिथले छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवले, तर वेदीमागच्या भिंतीवरचे 'अखेरचा न्याय' हे चित्र १५४१ साली पूर्ण झाले. या चॅपेलमध्ये फोटो काढायला सक्त मनाई आहे. १९८० ते १९९४ या काळात चित्रांची साफसफाई झाली, तिचा खर्च एका जपानी दूरचित्रवाणी कंपनीने उचलला आणि त्या बदल्यात तिला छायाचित्रणाचे हक्क मिळाले. त्या हक्कांची मुदत केव्हाच संपली, पण बंदी कायम आहे.

अशा टूर अनेकदा थेट चॅपेलकडेच धाव घेतात. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन मिळवलेला मोकळा तास कॅमेरा बॅगेत ठेवून घालवायचा! चित्रकलेवर प्रेम करणाऱ्याला हा तास आयुष्यभर पुरेल, त्याने जरूर जावे. फोटोसाठी जाणाऱ्याने मात्र एक प्रश्न आधी विचारावा : वाटेतल्या दालनांत थांबू देणार का? नकाशांचे दालन सुमारे १२० मीटर लांब आहे, त्याचे सोनेरी छत डोळे दिपवते आणि तिथे फ्लॅश न वापरता फोटो काढता येतो. दिवसभर त्या दालनातून माणसांचा लोंढा वाहत असतो. ते दालन रिकामे मिळणार असेल तरच कॅमेऱ्यासाठी ही टूर घेण्यात अर्थ आहे.

अजिंठा : जिथे गाईड डोळे देतो

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते, हे ध्यानात ठेवून जावे. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून लेण्यांपर्यंत बसनेच जावे लागते, मग टूर कोणतीही असो. गुंफांत फ्लॅशला बंदी आहे आणि आत उजेड अगदी मंद. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलेला नवखा माणूस पद्मपाणीचे चित्र पाहतो, चार फोटो काढतो आणि बाहेर येतो. शेजारच्या भिंतींवर जातककथांचे अख्खे प्रसंग चितारलेले आहेत, हे त्याच्या गावीही नसते.

इथे चांगला गाईड म्हणजे दुसरे डोळेच. हा राजा कोण, ही राणी का कोसळली, हा हत्ती कुठल्या गोष्टीतला, हे त्याने सांगितले की काय टिपायचे ते कळते. अंधाऱ्या जागी मोजकेच फोटो नीट येतात, म्हणून कोणते काढायचे हे कळणे फार मोलाचे. बाहेर आल्यावर मात्र गाईडचा निरोप घ्यावा. वाघोरा नदीने कोरलेली घोड्याच्या नालेसारखी दरी आणि तिच्या कड्यातली लेण्यांची रांग समोरच्या डोंगरावरून दिसते. तिथे चढून जायला तंगड्यांत बळ आणि हाताशी वेळ पुरे.

गाजलेले फोटो कुठून निघाले?

ताजमहालचे फोटो आजचे नाहीत. आग्ऱ्यात असलेल्या डॉ. जॉन मरे या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८५०च्या दशकातच ताज आणि त्याचा परिसर कॅमेऱ्यात पकडला. तेव्हापासून समोरून घेतलेला, पाण्यात प्रतिबिंब पडलेला ताज इतक्या वेळा टिपला गेला आहे की तोच फोटो पुन्हा काढण्यात हौस भागते, नवे काही हाती लागत नाही.

उलट अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांचा १९८३ सालचा गाजलेला फोटो पाहा. पुढे वाफेचे इंजिन आणि मागे धुरकट ताज! रघु राय यांचे ताजवरचे पुस्तक १९८६ साली आले. त्यांच्या कितीतरी फोटोंत ताज मागे उभा असतो आणि पुढे माणसांचे रोजचे जगणे चाललेले असते. यांतल्या जागा कोणत्याही टूरच्या यादीत सापडणार नाहीत. त्यासाठी गावात हिंडावे लागते, पुन्हा पुन्हा जावे लागते.

सामान्य हौशी माणसालाही हे जमते. यमुनेपलीकडची मेहताब बाग ताजच्या बरोबर मागे, त्याच रेषेत आहे. तिकीट ताजपेक्षा स्वस्त आणि गर्दीही कमी. उन्हाळ्यात सकाळी जेव्हा ताजची दर्शनी बाजू सावलीत असते, तेव्हा नदीकडच्या बाजूवर तिरपे ऊन पडते. आग्ऱ्याच्या किल्ल्यातून यमुनेच्या वळणापलीकडे दिसणारा ताजही असाच. या दोन्ही ठिकाणी तुम्हाला कोणी 'पुढे चला' म्हणून हाकलत नाही.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

• इतरांपेक्षा आधी किंवा नंतर आत सोडणार का? तशी सोय त्या वास्तूच्या अधिकृत नियमांत आहे का, की ही नुसती जाहिरात?

• जास्तीत जास्त किती माणसे असतील? वीस जणांच्या घोळक्यात उभे राहिले तर तुमच्या फोटोत आपल्याच घोळक्यातली डोकी येतील.

• एका जागी किती वेळ थांबता येईल? गटापासून वेगळे होऊन नंतर पुन्हा सामील होता येईल का?

• ज्या जागेसाठी पैसे मोजतो आहोत, तिथे फोटो काढू देतात का? ट्रायपॉडची परवानगी आहे असे सांगितले तर ती लेखी दाखवा म्हणावे.

• गाईडकडे सरकारी ओळखपत्र आहे का? दुकानांच्या फेऱ्या कार्यक्रमात आहेत का? असतील तर सोनेरी उन्हाची वेळ संगमरवरी पेट्या पाहण्यात जाईल.

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे 'होय' आली आणि थांबण्याची मोकळीक असली, तर टूर महाग असूनही घ्यावी. नुसतीच रांग चुकणार असेल तर साधे ऑनलाइन तिकीट बरे.

घरच्यांचे काय?

फोटोग्राफीचा नाद एकाचा असतो, सुट्टी मात्र सगळ्यांची. सहलीतली निम्मी भांडणे यातूनच होतात. यावर सोपा तोडगा म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून चांगला गाईड घ्यावा. मुलांना गोष्टी ऐकायला मिळतात, बाकावर बसून घरच्यांचे फोटो निघतात आणि घुमट चिमटीत धरल्याचा फोटोही गाईड हौसेने काढून देतो. कुटुंबाच्या अल्बमसाठी गाईडइतका तयार माणूस दुसरा नाही. त्या दिवशी फोटोग्राफरने मोठा कॅमेरा हॉटेलवरच ठेवावा आणि ऊन कुठे पडते, गर्दी कुठून येते, एवढेच मनात टिपून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाकीची मंडळी झोपलेली असताना त्याने एकट्याने निघावे. आणखी ५० रुपयांत तीन तास पूर्णपणे त्याचे. सगळे न्याहारीला जमेपर्यंत तो परतही येतो. या दुसऱ्या फेरीसाठी मुक्काम एका रात्रीने वाढला, तरी तो खर्च सगळ्यांच्या वाट्याला येतो, एकाच्या हौसेला नव्हे.

मुक्काम वाढवणे शक्यच नसेल, तर निघण्यापूर्वी घरीच बोलून घ्यावे. अर्धा तास कॅमेऱ्याचा, उरलेला वेळ घरच्यांचा. आणि ठरलेला अर्धा तास संपला की ढग कितीही सुंदर असले तरी कॅमेरा मिटून मुलांचा हात धरावा.